काताकामासचं जुनं वर्ष पळालं

"यंदा दिमासकाकांचा म्हातारा मी पेटवणार!"

असं ओल्विन शिंपी बोलला. भर चौकात बोलला, गोयो खाटकाच्या दुकानापुढं बोलला आणि मुख्य म्हणजे खुद्द दिमासकाका डुकराची मांडी निवडत उभे असताना बोलला. बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे आपणच बोललो.

"उभ्यानं?" दिमासकाकांनी मांडी खाली ठेवली.

"उभ्यानं!"

"आणि पेटवून झाल्यावर?"

"चालत येईन, काका. पळतात ते भित्रे!"

गोयोनं सुरा ओट्यावर आपटला. खाड! ओल्विन वीतभर उडाला. मग आपण नाचतोय असं दाखवण्यासाठी आणखी दोनदा उडाला.

*

आता म्हातारा म्हणजे कोण? म्हातारा म्हणजे जुनं वर्ष. एकतीस डिसेंबरला सकाळीच तो दारापुढं खुर्चीत येऊन बसतो. अंगात जुना कोट, तोंडाला कागदाच्या लगद्याचा मुखवटा, डोक्यावर टोपी, हातात रिकामी बाटली. पोटात भुसा, मक्याची सालं आणि बारूद. वस्तीतला जो येईल तो त्याच्यापाशी वर्षभराची रड सांगतो आणि त्याच्या अंगात एखादा बॉम्ब खोचून जातो. रात्री बाराच्या ठोक्याला त्याला काडी लावायची. म्हातारा जितका जोरात फुटेल, तितकं नवं वर्ष चांगलं. काताकामासच्या या ओलांचो मुलखात हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं पोटातूनच शिकून येतात.

दिमासकाकांचा म्हातारा वस्तीत सगळ्यात मोठा असायचा आणि त्यांची अट त्याहून मोठी. त्यांच्या मुलीचा, देनियाचा, हात मागणाऱ्यानं हा म्हातारा पेटवायचा आणि पाठ फिरवून चालत परत यायचं. चालत! मागं डाकघरातला एक कारकून आला होता. त्यानं काडी लावली आणि धावत सुटला. तो अजून धावतोय म्हणतात. त्याची टोपी दिमासकाकांच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे. येणाऱ्या प्रत्येक तरुणाला ते आधी ती टोपी दाखवतात आणि मग कॉफी विचारतात.

आता ओल्विन. हात सोन्याचे, काळीज चिमणीचं. बारसं असो, लग्न असो, पोरांनी गोल मारलेला असो, ओलांचोत पहिली गोळी आभाळात जाते आणि मग लोक विचारतात, "झालं काय?" अशा गावात हा माणूस फुगा फुटला तरी सुई अंगठ्यात घुसवून घ्यायचा. दर एकतीस डिसेंबरला त्याचं पोट बिघडायचं. इतकं नेमानं बिघडायचं की शेजारच्या लेंचाआजी एकोणतीस तारखेलाच पेरूच्या पानांचा काढा पाठवून द्यायच्या.

आणि याच माणसाला देनिया आवडायची. देनियालाही तो आवडायचा. का, ते तिचं तिला माहीत. मोठ्या आवाजाच्या घरात वाढलेल्या मुलीला कधी कधी हळू बोलणारा माणूस बरा वाटतो, एवढंच आपण म्हणू शकतो.

पण ओल्विन घाबरला होता, मूर्ख नव्हता. म्हाताऱ्याचा कोट त्यानंच शिवला होता आणि पाठीची शिवण मुद्दाम कच्च्या टाक्यांची ठेवली होती. एक दोरा ओढला की पाठ उघडी! दुपारी सगळे लवंडले की जायचं, बॉम्ब काढून घ्यायचे, दिखाव्यापुरती लवंगीची एक माळ ठेवायची आणि पाठ शिवून टाकायची. रात्री म्हातारा चुरचुरत जळेल, आपण राजासारखे चालत येऊ, देनिया आपली!

योजना अशी होती की तिला खोट काढायला जागा नव्हती. फक्त म्हाताऱ्याचा विचार त्यात घेतलेला नव्हता.

*

दुपार.

दिमासकाका आत झुल्यात घोरत होते. चोनाकाकू, म्हणजे देनियाची आई, परसात केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे तामाले बांधत होत्या. ओसरीत म्हातारा एकटा. रस्त्यावर कुत्रंही नाही.

ओल्विननं दोरा ओढला. पाठ उघडली. आत हात घातला.

पहिला बॉम्ब त्यानं असा बाहेर काढला, जसा झोपलेला साप काढावा. दुसराही तसाच. तिसरा. मग प्रश्न आला, हे ठेवायचे कुठं? जमिनीवर ठेवले तर कुणी बघेल. टाकले तर फुटतील. म्हणून त्यानं ते स्वतःच्याच सदऱ्याच्या खिशांत घातले. खिसे भरले. सदऱ्याच्या आत घातले. सदरा भरला. ज्या बारुदीच्या भीतीनं हा माणूस आला होता, ती बारूद आता त्याच्या अंगाला चिकटून बसली होती आणि घामानं ओलीसुद्धा होत नव्हती, कारण लेंचाआजींनी सकाळीच आणून खोचलेले बॉम्ब मेणकागदात गुंडाळलेले होते. बाई व्यवस्थित!

शेवटचा बॉम्ब निघाला आणि म्हातारा बसला. म्हणजे तो बसलेलाच होता. तो आणखी बसला. मग वाकला. मग त्याचं डोकं हळूच मांडीवर आलं आणि तिथून घरंगळत जमिनीवर. बारूद हाच त्याचा कणा होता! ती काढल्यावर उरला नुसता भुसा, आणि तोही ओसरीभर सांडायला लागला.

तेवढ्यात पावलं वाजली. सपाता. घासत घासत येणाऱ्या.

पळावं? ओसरीत भुशाचा ढीग, मुंडकं पायाशी आणि जावई होऊ घातलेला माणूस हातात दोरा घेऊन उभा! कारकुनाच्या टोपीशेजारचा खिळा मोकळाच होता.

ओल्विननं भुसा, सालं, विजार, सगळं लाथेनं जळणाच्या ढिगामागं लोटलं. कोट चढवला. मुखवटा बांधला. टोपी डोळ्यांवर ओढली. बाटली हातात घेतली.

आणि खुर्चीत बसला.

*

इथून पुढं ओल्विन हलत नाही.

लेंचाआजी आल्या. हातात सुटकेस. नव्या वर्षी प्रवास घडावा म्हणून सगळे बाराच्या ठोक्याला रिकामी सुटकेस घेऊन वस्तीला फेरी मारतात. लेंचाआजी दुपारीच निघायच्या. गुडघ्यांचा हिशेब त्यांना माहीत होता.

"काय रे म्हाताऱ्या," त्या टेकल्या. "चाललास ना? जा. माझा गुडघा घेऊन जा. सून पण घेऊन जा, जागा असेल तर." मग त्यांनी पिशवीतून एक जाडजूड बॉम्ब काढून त्याच्या कॉलरीत खोचला, थेट मानेला लावून. "हा तुझ्यासाठी राखून ठेवला होता. दोनदा फुटतो."

ओल्विनला किंचाळायचं आहे. ओल्विन किंचाळत नाही.

लेंचाआजी सुटकेस घेऊन फेरीला गेल्या.

गोयो खाटीक आला. त्यानं दोन्ही खिशांत एकेक कोंबला आणि पोटावर थोपटून बघितलं. "वा! यंदा चांगला घट्ट भरलाय."

ओल्विनच्या नाकावर माशी बसली आहे. मुखवट्याच्या आतून. ती आत कशी आली हा विचार तो करत नाही. तो सुयापाच्या देवळातल्या माउलीला एवढंच विचारतो की माशीला इथून पुढं कुठं जायचं आहे.

चोनाकाकू आल्या. हातात केरसुणी. त्यांनी आधी केरसुणीचे दोन फटके हाणले. "हा माझ्या मेलेल्या कोंबड्यांचा! आणि हा त्या दुष्काळाचा!" मग मागं सरकून त्याच्याकडं बघितलं. "अगं बाई! यंदा काय हुबेहूब जमलाय! अगदी जिवंत बावळट दिसतो."

मग त्यांनी कमरेची वात सोडली. लांबलचक, चांगली बोटाएवढी जाड. ती त्यांनी ओल्विनच्या पोटाभोवती तीनदा गुंडाळली, एक टोक छातीवरच्या बॉम्बला बांधलं आणि दुसरं मांडीवर मोकळं सोडलं.

"ओल्विन नवखा आहे बिचारा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जरा लांब ठेवते. चालत यायला वेळ मिळेल पोराला."

ओल्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माया त्याच्यावर सख्ख्या आईनंही केली नव्हती. फक्त ती माया आत्ता त्याच्याच बेंबीभोवती बांधलेली होती.

मग देनिया आली. तिच्या हातात तोर्रेहांची, म्हणजे पाकात मुरवलेल्या तळलेल्या पावाची, बशी होती. म्हाताऱ्याच्या मांडीवर एक ठेवायची म्हणून ती वाकली आणि थांबली. मुखवट्याच्या कडेखालून थेंब ओघळत होता.

भुशाला घाम येत नाही.

तिनं इकडंतिकडं बघून मुखवटा बोटभर उचलला. आत एक डोळा. ओळखीचा.

"तू?" ती कुजबुजली. "इथं काय करतोयस?"

"तुझ्याशी लग्न," ओल्विन म्हणाला.

"असं?"

"योजना होती. ती बिघडली. देनिया, माझ्या मानेशी दोनदा फुटणारा आहे."

"खरा म्हातारा कुठंय?"

"जळणामागं. तो... सैल झालाय."

देनियानं ओठ चावला. हसू दाबायला की रडू, ते मुखवट्याच्या भोकातून नीट दिसत नव्हतं.

"मी उठू का?" ओल्विननं विचारलं.

"उठलास तर बाबा विचारतील की बारूद का काढलीस. मग मी आणि लग्न, दोन्ही विसर. बसलास तर बाराला जळशील."

"मग?"

"मग बस. बारापर्यंत काहीतरी सुचेल." तिनं तोर्रेहाचा एक तुकडा मुखवट्याखालून त्याच्या तोंडात सरकवला. "आणि हलू नकोस. बाबा उठलेत."

"ते आत आहेत ना?"

"इकडंच येताहेत. चिरूट पेटवून."

*

दिमासकाका आले, दुसरी खुर्ची ओढली आणि ओल्विनला खेटून बसले. चिरुटाचं लाल टोक आणि वातीचं मोकळं टोक यांच्यात एका तामालेएवढं अंतर राहिलं.

"बरं झालं, एकटाच आहेस," दिमासकाका म्हणाले.

(ओल्विनही हेच म्हणणार होता, उलट अर्थानं.)

"वर्षभर मनात आहे, ते बोलतो. तो शिंपी आहे ना, ओल्विन..."

(राख. राख वाढतेय.)

"पोरगा वाईट नाही. हात चांगला आहे. माझी विजार शिवली त्यानं, बसलो तरी उसवत नाही. पण आवाजाला दचकतो. मला कळत नाही असं त्याला वाटतं. दरवर्षी पोट बिघडतं म्हणे! पोट आहे का पंचांग?"

(राख पडली. गुडघ्यावर. विझलेली. विझलेलीच होती. माउली, तुझ्या देवळात गुडघ्यांवर चालत येईन, गुडघा राहिला तर.)

दिमासकाकांनी झुरका घेतला. टोक लालभडक झालं. मग रस्त्यावर कुणी नाही ना, ते त्यांनी बघून घेतलं. आणि बोलले तेव्हा त्यांचा आवाज ओल्विननं आजवर न ऐकलेला होता. बारीक.

"खरं सांगू, म्हाताऱ्या? तो पळावा असंच मला वाटतं. कारकून पळाला, त्या रात्री मी शांत झोपलो. सगळे पळावेत. ही गेली तर या घरात ओरडणार कोण? भांडी कोण आपटणार? चोना आणि मी, दोघं समोरासमोर बसणार, आणि घड्याळ ऐकणार. मी पुरात घोडा घातलाय. वाघाच्या मागं गेलोय. पण गप्प घराची मला भीती वाटते रे."

(ओल्विन क्षणभर राख विसरला. भीती म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कुठल्याही जातीची असो, तो तिला वासावरून ओळखायचा.)

"तूच सांग. देऊ का पोरगी त्याला? काहीतरी खूण दे!" असं म्हणून दिमासकाकांनी चिरुटाचा हात हवेत फिरवला.

ठिणगी उडाली.

ती सावकाश आली, एखाद्या पाहुण्यासारखी. मांडीवर उतरली. वातीच्या टोकावर बसली.

फुस्स्स्स्स्स.

*

म्हातारा उठला, खुर्ची उलथली, दिमासकाका खुर्चीसकट मागं पडले आणि पळायला वाट उरली ती एकच, रस्त्याची, म्हणून म्हातारा रस्त्यावर आला आणि धावत सुटला, कारण वात विझवायची तर पाणी हवं आणि पाण्याचा हौद परसात आणि परसात जायचं तर आता दिमासकाकांच्या अंगावरून किंवा सगळ्या वस्तीला वळसा घालून, आणि दिमासकाकांच्या अंगावरून जायची त्याची छाती नव्हती, तिथं आधीच बॉम्ब होते, म्हणून वळसा, आणि वात पहिला वेढा खात निघाली, डाव्या कुशीवरून पाठीकडं, पाठीवरून उजवीकडं, जणू कुणी जळत्या बोटानं त्याच्या कोटाचं माप घेत होतं, आणि गोयो खाटकानं दारातून बघितलं की एक वर्ष, अख्खं एक वर्ष, न जळता त्याच्या समोरून पळत चाललंय, आणि त्यानं बोंब ठोकली, "धरा! धरा! म्हातारा पळाला! तो सुटला तर पुन्हा हेच वर्ष भोगावं लागेल!" आणि सगळ्यांना ते वर्ष आठवलं, दुष्काळ आठवला, राजम्याचे भाव आठवले, पेनल्टीवर हरलेला सामना आठवला, आणि ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन माणसं बाहेर पडली, झारे, लाटणी, चुलीतली पेटती लाकडं, "तिथंच पेटवा त्याला!" आणि वात दुसऱ्या वेढ्यात शिरली, आणि वळणावर लेंचाआजी, सुटकेस घेऊन, अर्धी फेरी पुरी करून आनंदात, आणि म्हातारा त्यांच्यावर, आणि आजी बाकावर, आणि सुटकेस म्हाताऱ्याच्या हातात अडकली, ती सोडवायला वेळ कुठला, म्हणून तो सुटकेसीसकट पुढं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बघा! जुनं वर्षसुद्धा सुटकेस घेऊन पोटापाण्यासाठी उत्तरेला चाललं!" आणि बाकावरून लेंचाआजी, "अरे मेल्या, थांब! मला पण यायचंय!" आणि तिसरा वेढा, आणि पोटावर ऊब, आणि परसाचं फाटक, आणि फाटक बंद, आणि फाटकावरून, माउलीच्या कृपेनं आणि विजार मागं सोडून, म्हातारा

हौदात.

*

बुडबुडे.

सुटकेस तरंगत वर आली. मग टोपी. मग लेंचाआजींचा दोनदा फुटणारा, मेणकागद सुटलेला, ओलागच्च. मग विरघळलेला मुखवटा, त्याचं एक भुवई असलेलं अर्धं कपाळ. आणि शेवटी ओल्विन, पिवळ्याधमक चड्डीत. पिवळी चड्डी नशिबाला चांगली असते, ही एवढी एक गोष्ट त्यानं त्या दिवशी बरोबर केली होती.

सगळी वस्ती हौदाभोवती उभी. पेटती लाकडं हातात तशीच.

"हा तर शिंपी!" गोयो म्हणाला.

"माझा भांडी घासायचा हौद!" चोनाकाकू म्हणाल्या.

गर्दी बाजूला झाली. दिमासकाका लंगडत आले. चिरूट अजून तोंडात होता, आडवा मोडलेला.

"शिंप्या. माझ्या म्हाताऱ्याच्या कोटात तू काय करत होतास?"

ओल्विननं तोंड उघडलं. त्यातून पाणी आलं. खरं काय ते आता सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं होतं. खोटं बोलायलाही थोडं धैर्य लागतं आणि ते त्याच्याकडं शिल्लक नव्हतं.

"काका, मी..."

"राखण!" देनिया ओरडली. तिचा आवाज असा, की हौदातलं पाणी थरथरलं. "तो राखण करत होता, बाबा! पलीकडच्या वस्तीतली पोरं दरवर्षी म्हातारे पळवतात, ठाऊक आहे ना? म्हणून आपला म्हातारा त्यानं लपवला आणि स्वतः खुर्चीत बसला!"

"लपवला? कुठं?"

"जळणामागं!"

चोनाकाकू धावत गेल्या आणि कवेत भुसा, सालं आणि मुंडकं घेऊन आल्या. "आहे बाई! खरंच आहे!"

"याचं डोकं निराळं का?" दिमासकाकांनी विचारलं.

"घडी करून ठेवलाय," देनिया म्हणाली.

दिमासकाका हौदाच्या काठावर बसले. ओल्विनच्या अंगातून एकेक ओला बॉम्ब काढून काठावर ओळीनं मांडू लागले. खिशांतले. सदऱ्यातले. बाहीतले. ओळ काठ ओलांडून वळली. लोक मोजायला लागले.

"ही सगळी बारूद तुझ्या अंगावर होती?"

"हो, काका."

"आणि मी शेजारी चिरूट ओढत होतो?"

"हो, काका."

"आणि तू हलला नाहीस."

"हलता आलं नाही, काका," ओल्विन अगदी मनापासून म्हणाला. "भीतीनं पायच गेले होते."

दिमासकाकांनी वस्तीकडं वळून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत? बारुदीवर बसून राहिला पठ्ठ्या! आणि वर नम्रपणा बघा!"

टाळ्या पडल्या. गोयोनं झारा उंचावला. मग दिमासकाका खाली वाकले आणि ओल्विनच्या कानाशी आले. त्यांचा तो दुसरा, बारीक आवाज.

"मी काय बोललो, ते ऐकलंस?"

ओल्विननं नाकातलं पाणी शिंकरलं.

"काका, माझं दुकान तुमच्या दारासमोरच आहे. देनिया तिथून ओरडली, तर तुम्हाला घड्याळ ऐकू येणार नाही."

 दिमासकाकांनी त्याच्या डोक्यावरचा, मुखवट्याच्या दुसऱ्या भुवईचा उरलेला लगदा काढून फेकून दिला.

"बाहेर ये. सर्दी होईल."

*

बाराला म्हातारा जळला. गोळा करून, डोकं काठीला बांधून, कसाबसा खुर्चीत टेकवलेला. वस्तीची सगळी बारूद हौदात भिजली होती. ओल्विननं काडी लावली, पाठ फिरवली आणि चालत परत आला. राजासारखा चालत आला! मागं फक्त चुर्र, चुर्र. चोनाकाकू म्हणाल्या, इतक्या शांतपणे तर मेणबत्तीही जळत नाही. बाराच्या ठोक्याला शकुनाची बारा द्राक्षं खाणाऱ्या लोकांच्या दातांचा आवाज ऐकू येत होता.

अट पुरी झाली. देनिया ओल्विनची झाली.

पण दिमासकाका कपाळाला हात लावून बसले होते. "आवाज नाही! माझ्या दारात वर्ष बदललं आणि आवाज नाही!" मग त्यांनी डोकं वर केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बघून ओल्विनच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. "हरकत नाही. लग्नात भरून काढू!"

जानेवारीभर त्यांनी ते बॉम्ब पत्र्यावर वाळत घातले. जे वाळले नाहीत त्यांच्या जागी नवे आणले, मोठे. फेब्रुवारीत लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत दोन्ही बाजूंनी बॉम्ब मांडले होते. "माझा जावई अंगावर बारूद बांधून बसणारा आहे," दिमासकाका येईल त्याला सांगत होते. "त्याला काय साध्या माळा लावायच्या?"

लग्नाचे फोटो दुकानात भिंतीवर लावलेले आहेत. जवळजवळ सगळ्यांत नवऱ्याचे डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि नवरीनं आपल्या दोन्ही हातांनी त्याचे कान धरलेले आहेत. वस्तीतल्या बायका ते बघून उसासे टाकतात. प्रेम असावं तर असं!

फक्त चर्चच्या पायऱ्यांवरच्या फोटोत नवरी एकटीच उभी दिसते, हसत हसत, झगा जमिनीपर्यंत पसरलेला. नवरा कुठं गेला, म्हणून गिऱ्हाइकं विचारतात. ओल्विन मान खाली घालून माप घेत राहतो. झगा त्यानं स्वतः शिवला होता, आणि घेर जरा जास्तच ठेवला होता.